खिडकीकडचा उतार

इनायतुल्ला मिस्त्री अकोल्याहून लेकीला घेऊन अमरावतीला आले ते तोंड फुगवूनच. तिथल्या क्लबातलं बिलियर्डचं टेबल गेल्या दिवाळीत त्यांच्या मुलीनं, इफ्फतनं, एकटीनं बसवलं होतं. लाकडी सांगाड्यावर पाच जड दगडी फरश्या, सांध्यांत मेण, लेवल लावून सगळ्या एका पातळीत, आणि वर हिरवं कापड असं ताणलेलं की चिमटीत धरता येऊ नये. चाळीस वर्षं हेच काम केलेले इनायतुल्ला तेव्हा बाजूला चहा पीत बसले होते. यालाच ते शिकवणं म्हणत.

आणि आता खुशालराव गावभर सांगत सुटले होते की टेबल खिडकीकडे उतरतं. खुशालराव म्हणजे क्लबातले सगळ्यात जुने आणि हल्ली सगळ्यात जास्त हरणारे खेळाडू. चांदूर बाजारच्या अमोलच्या नव्या बिलियर्ड हॉलचं काम इफ्फतला मिळाल्यातच जमा होतं, पण हे ऐकून त्यानं फोन केला, "थोडं थांबू." असं म्हणणारा माणूस पुन्हा फोन करत नाही, हे मिस्त्रींना पक्कं ठाऊक होतं. लेकीचं नाव पहिल्याच टेबलात खराब व्हायची वेळ आली होती.

"पोरीचा दोष नाई, इनायतभाई," खुशालराव मोठ्या मनानं म्हणाले. "आपली काळी जमीन. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वावरात पाणी कुठं जाईन हे मी बांधावरून सांगतो. मले उतार कळते."

इफ्फतनं टेबलावर लेवल ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध थांबला.

"ते लेवलच खोटी असन."

मग तिनं चेंडू हातानं हळूच घरंगळत सोडला. तो सरळ गेला, पलीकडच्या कडेच्या रबराला लागला आणि सरळ परत आला.

"हातानं कोण खेळते, पोरी?"

"मंग काका, तुमीच मारा."

खुशालरावांनी क्यूची लांब काठी उचलली, एक डोळा मिटला आणि फटका मारला. चेंडू डावीकडे, खिडकीच्या बाजूला झुकला. पीक आपण म्हटलं तसंच आल्यासारखे ते सगळ्यांकडे पाहू लागले.

"आता तिकडच्या टोकावरून मारा."

ते ऐटीत पलीकडे गेले आणि त्यांनी फटका मारला. चेंडू पुन्हा त्यांच्या डावीकडेच गेला, पण आता त्या बाजूला खिडकी नव्हती, कपाट होतं. खुशालरावांनी एकदा कपाटाकडे पाहिलं, एकदा खिडकीकडे.

"म्हणजे दोन्हीकडून उतरून राहिलं."

"दोन्हीकडून उतरते त्याले छप्पर म्हंतेत, रावसाहेब," मिस्त्री म्हणाले आणि सकाळपासून पहिल्यांदा हसले.

इफ्फत मात्र हसली नाही. "मारतानी कोपर बाहेर जाते तुमचं. ते बरगडीपाशी ठेवा. क्यू हनुवटीखाली, डावा हात टेबलावर घट्ट. आन् क्यू ढकलू नका, झोका द्या."

तासभर ती त्यांच्यामागे उभी होती. शेवटी एक चेंडू सरळ जाऊन क्यूच्या टोकाशी परत आला, तेव्हा खुशालरावांना इतका आनंद झाला की त्यांनी आत येणाऱ्या मंडळींना तिथूनच सांगितलं, "या, या. इनायतभाईनं तासाभरात उतार काढून देला."

सगळे मिस्त्रींची पाठ थोपटू लागले. इफ्फत खाली मान घालून लेवल पुसत होती. इनायतुल्लांना ती शाबासकी झोंबली. स्वतःचं टेबल असतं तर खुशालरावांच्या वयाचा मान राखून ते गप्प बसले असते.

"मी टेबलाले हात लावला नाई, रावसाहेब," ते म्हणाले. "पोरीनं बसवलं तसंच हाये ते."

मंडळी खुशालरावांकडे पाहू लागली. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी क्यू भिंतीला टेकवला, उगाच घसा खाकरला आणि खिशातून फोन काढून सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"अमोल, टेबल सपाट हाये. कोपर माहं वाकडं होतं. काम इफ्फतलेच दे."

"पण काका," फोनमधून अमोल म्हणाला, "मंग सहा महिन्यांपासून तुमी जे हारून राहिले ते?"

"ते मीच हारून राहिलो," खुशालराव म्हणाले आणि फोन इफ्फतच्या हातात दिला.

इफ्फतनं दुपट्ट्याला हात पुसले, फोन कानाला लावला आणि आधी विचारलं, "हॉलखाली काळी जमीन हाये ना? मंग फरशीनं किती पावसाळे पाह्यले?"