सावली सरकली तशी

बायको गेल्यानंतरचा पहिलाच नाताळ, म्हणून लेकीने निवृत्त बसचालक बापाला हट्टाने आपल्या सासरी जेवायला बोलावलं. त्या देशात नाताळ ऐन उन्हाळ्यात येई; ऊन असं रणरणत होतं की अंगणातली फरशी पायाला चटके देत होती. कापडी मांडवाखालचं टेबल सासरच्या गोतावळ्याने गच्च भरलेलं. तिने वडिलांना शेजारीच झाडाखाली खुर्ची दिली.

"तो जळका केक आठवतो का?" दीर म्हणाला आणि सगळे पोट धरून हसले. म्हाताऱ्याला त्या केकचा पत्ता नव्हता, तरी तोही हसला.

ऊन अंगावर आलं तशी त्याने खुर्ची सावलीत ओढली. मग पुन्हा ओढली. तासाभरात तो पार कुंपणाशी पोचला. तिथे बोलणंही नीट ऐकू येईना, आणि त्याला कुणी शोधलंही नाही.

शेवटी लेक ताट घेऊन आली. "बाबा, इतके लांब? रागावलात का?"

"छे गं! सावली इकडे आली, मीही आलो."

ती खाली बसली. "आई असती तर एव्हाना सगळ्यांना गायला लावलं असतं."

"आणि स्वतः बेसूर गायली असती," तो म्हणाला. दोघं हसली.

तेवढ्यात मांडवातून हाक आली. ती घुटमळली.

"जा, तुझी माणसं थांबलीत."

ती गेली. आपलेच शब्द म्हाताऱ्याच्या जिव्हारी लागले. भूक मेली होती. पण लेकीला वाईट वाटेल, म्हणून त्याने ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं.