प्रयोगशाळेतल्या वन्सं

माझी नणंद माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण प्रयोगशाळेत माझी साहेब. तिथेही मी तिला वन्संच म्हणायचे. बाकीचे इंजिनिअर गालातल्या गालात हसायचे.

तेव्हा आम्ही हवामानाच्या फुग्यांसाठी रिसीव्हर बनवत होतो. अँटेनाजवळचा पहिला अ‍ॅम्प्लिफायर माझ्याकडे होता. फुग्याकडून येणारा क्षीण सिग्नल त्याने वाढवायचा, पण स्वतःची खरखर त्यात मिसळायची नाही. माझा मात्र मध्येच शिट्टी मारायचा. ती थांबावी म्हणून मी सिग्नल आत येतो तिथेच एक रेझिस्टर बसवला. शिट्टी थांबली, पण खरखर वाढली. तीन आठवडे नुसतं डोकं पिकलं.

शेवटी वन्सं माझ्या टेबलाशी आल्या. “वहिनी, घरी पाहुण्याला दारातच अडवता का?”

“नाही हो!”

“मग सिग्नलला का अडवताय? रेझिस्टर पलीकडच्या टोकाला न्या.”

मी तो काढून बाहेरच्या टोकाला जोडला. शिट्टी नाही, खरखरही नाही. दुपारी फुगा सोडला. डोंगरापलीकडे गेला तरी त्याची टिकटिक स्पष्ट येत होती. “आमच्या वहिनींनी केलंय हे!” वन्संनी सगळ्यांना ओरडून सांगितलं. युक्ती स्वतःची होती, हे चकार शब्दानेही बोलल्या नाहीत.

आता तसला अ‍ॅम्प्लिफायर तांदळाच्या दाण्याएवढा, तयार मिळतो. वन्सं जाऊनही सहा वर्षं झाली.

फुगा सोडला त्या संध्याकाळी बस सोडून आम्ही दोघी चालतच निघालो. काय बोललो ते आठवत नाही. बोलता बोलता घर मागे टाकून दोन गल्ल्या पुढे गेलो होतो, एवढं आठवतं.