जुन्या नावाची नवी लायब्ररी

माझा धाकटा भाऊ हुशार आहे, हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. हुशार कसला! अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालाय नुसता.

हॉस्पिटलच्या लॅबमधले कॉम्प्युटर मी सांभाळते, तो माझ्या हाताखाली. रक्त तपासणाऱ्या मशीनचा प्रोग्रॅम जुना. त्याला एक लायब्ररी लागते, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहिलेलं तयार काम, प्रोग्रॅमने उसनं घेतलेलं. सोमवारी रिपोर्ट छापायचा नवा प्रोग्रॅम आला. त्यालाही तीच लायब्ररी हवी, पण नवी आवृत्ती. लिनक्सने, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या सिस्टिमने, साफ सांगितलं, नवी टाकाल तर जुनी जाईल आणि मशीनचा प्रोग्रॅम बंद पडेल. मी म्हटलं, "हात लावू नकोस. नव्याची सोय वेगळी करू, दोन दिवस लागतील."

याला कुठला दम! मी रजेवर गेले आणि याने बळजबरीने नवी टाकली. मशीनचा प्रोग्रॅम जुनी मागत अडून बसला, तर या शहाण्याने नव्या फाइलला जुन्या नावाची लिंक लावून दिली, म्हणजे नव्या मालावर जुनीच पाटी. प्रोग्रॅम मुकाट सुरू झाला. साहेबांनी पाठ थोपटली.

आज लॅबवाल्या बाई स्वतःचाच रिपोर्ट घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. "नऊ वर्षांत माझी साखर दोनशेच्या खाली गेली नाही. आज नव्वद? अहो, काल मी आइसक्रीम हाणलंय!"

मी यादी उघडून नावं आणि आकडे ताडून पाहिले. जुनी लायब्ररी पेशंट एकपासून मोजायची, नवी शून्यापासून. प्रत्येकाचा आकडा शेजारच्याच्या नावावर. दोन दिवस! बासष्ट माणसं!

"ताई, एरर तर एकही आली नव्हती," भाऊ पुटपुटला.

"आली असती तर बरं झालं असतं, गाढवा! तूच तिचं तोंड दाबलंस!"

साहेब म्हणाले, गाजावाजा नको, गुपचूप रिपोर्ट बदला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "लोक ते वाचून औषधं घेतायत, साहेब!" मी फोन भावाच्या हातात कोंबला. "लाव. एकूण एक तूच लावायचास."

पहिला फोन एका बाईंनी उचलला.

"तुमच्या मिस्टरांच्या साखरेच्या रिपोर्टबद्दल..." एवढंच तो बोलला.

"हो, मिळाला की! इतकी छान आली, यांनी परवापासून इन्सुलिनच घेतलं नाही. पण अहो, सकाळपासून हाका मारतेय, डोळेच उघडत नाहीयेत."

मी फोन हिसकावला.

"पत्ता सांगा," मी ओरडले. "आधी पत्ता सांगा!"