सहाव्या आणि आठव्याच्या मधला

मी कोकंद शहरातल्या एका चहाखान्यात टांगलेला दिवा. खरं सांगायचं तर उजेड माझा नाही, आतल्या बल्बचा. मी त्याच्याभोवतीची माती. तरी दिवा म्हणून नाव माझंच होतं. मोठमोठ्या कचेऱ्या याच पद्धतीने चालतात म्हणे, तेव्हा तिला नावं ठेवणारा मी कोण?

माझा जन्म रिश्तान या कुंभारांच्या गावचा. मोहिनूर नावाच्या कुंभारणीने मला घडवलं. आकार उलट्या टांगलेल्या डाळिंबाचा, अंगावर मोजून चाळीस भोकं. आम्ही बारा भावंडं. तुतीच्या एका काडीने तिने आमची उंची, तोंडं, भोकांमधलं अंतर, सगळं मापलं. आतून प्रत्येकाला पांढऱ्या मातीचा सारखाच हात दिला, म्हणजे उजेड कुणाचाच कमी पडू नये. बाहेरून मात्र माळावरची झुडपं जाळून केलेल्या राखेची झिलई. भट्टीत ती कोणता रंग धरेल, हे खुद्द झिलईलाही ठाऊक नसतं.

मोहिनूरचे सासरे, जुने कारागीर म्हणून 'उस्ता' म्हणवले जाणारे हमराकुल, या राखेला कंटाळले होते.

"सूनबाई, बाजारात तयार झिलईची पिशवी मिळते. दहा भांडी कर, दहाही जुळी निघतात."

"निघतात ना, बाबा. आणि दहाही मुकी."

"बरं. चहाखानेवाल्याने हे दिवे ठेवून घेतले तर राख. परत आले तर पुढच्या भट्टीपासून पिशवी. माझ्या कमरेने आता झुडपं तोडवत नाहीत."

मोहिनूर कामाला लागली. भट्टीत प्रत्येकाची जागा ठरवून तिने आतल्या कडेवर आकडा कोरला. जाळाच्या तोंडाशी पहिला, धुराड्यापाशी बारावा. मी सातवा.

मग पेंढ्यात गुंडाळून सून-सासरे आम्हाला कोकंदला घेऊन आले. चहाखान्याचे मालक तोशपुलात-आका (आका म्हणजे दादा) यांनी आम्हाला अंगणातल्या बैठकीवर, भर उन्हात, हाताला लागलो तसं मांडलं. निळ्याशेजारी हिरवा, हिरव्याशेजारी आकाशी.

"हे दिवे आहेत की सावत्र भावंडं? मी एकसारखे सांगितले होते, बाई."

"काडी लावून बघा, आका. केसाचाही फरक नाही."

"गिऱ्हाईक काडी घेऊन चहाला येत नाही!"

मग त्यांनी मला उचललं. माझ्यावर झिलई जरा जाड बसली होती. ओघळून तिचा एक थेंब खालच्या कडेला थिजला होता. "आणि याला तर शेंबूड आलाय!" गिऱ्हाइकं खदखदून हसली. मला परत पेंढ्यात टाकण्यात आलं.

उस्ता हमराकुल यांनी चहाचा घोट घेतला आणि एकच शब्द उच्चारला, "पिशवी."

"एकदा टांगून तर बघू द्या," मोहिनूर म्हणाली. "नाही पटले तर मीच उतरवून नेते."

"टांगा," आका म्हणाले. "तेवढाच व्यायाम."

ती शिडीवर चढली. दारापासून चहाचं पाणी उकळणाऱ्या सामोवारापर्यंत बारा तारा होत्या. आकडा बघून एकेकाला टांगत गेली. बटण दाबलं. उजेड सगळ्यांचा सारखाच पडला. रंग मात्र दाराशी हिरवा, मग थोडा कमी हिरवा, असा सरकत सरकत सामोवारापाशी निळा झाला. गिऱ्हाइकांच्या हातातल्या चहाच्या वाट्या हातातच राहिल्या. सातव्या तारेला नुसता बल्ब लोंबत होता.

तोशपुलात-आकांनी दारापासून सामोवारापर्यंत तीन खेपा घातल्या. "सहापर्यंत ठीक आहे. पुढे रंग एकदम उडी मारतो. दात पडल्यासारखं दिसतंय."

"तुम्हीच पाडलाय, आका. पेंढ्यात आहे."

आका वळले. स्वतः अंगणात गेले, माझ्यावरचा पेंढा फुंकून काढला, आणि त्या वयात शिडी चढले. मी तारेला लागलो. रंगाची ती उडी नाहीशी झाली.

उस्ता हमराकुल यांनी कमरेवर हात ठेवला. "म्हणजे कोयत्याला धार लावून आणायला हवी," ते कुरकुरले. सूनबाईने त्यांच्या वाटीत चहा ओतला.

त्याला आता अकरा वर्षं झाली. अंगावर वाफेचा थर आहे, दोन भोकांत कोळ्याने बिऱ्हाड केलंय; भाडं देत नाही. माझी तक्रार एवढीच, की नवं गिऱ्हाईक आलं की ते टाचा उंचावतं आणि त्याचं नख माझ्या थेंबाकडे जातं. कृपा करून खरवडू नका, तो मळ नाही. परवाच एकजण म्हणाला, "आका, या दिव्याचं नाक पुसा की."

"हात लावू नका," तोशपुलात-आका सामोवाराजवळून ओरडले. "तो आहे म्हणून बाकीचे अकरा एकमेकांचे कोणीतरी लागतात."