वाकळेत राहिलेली सुई

मथुराच्या हातातली सुई कट्कन मोडली, तेव्हा होणाऱ्या जावयाची गाडी बांधावर येऊन उभी होती.

यमुनाकाठच्या त्या गाळाच्या रानात सकाळपासून धुकं जागचं हललं नव्हतं. पलीकडं नोएडाच्या उंच इमारती असतील म्हणायच्या. दिसत काही नव्हत्या. मुळ्याच्या पाल्यावरनं पाणी टिपकत होतं. खोपीपुढच्या बाजेवर वाकळ पसरून मथुरा शेवटची किनार घालत होती. गारठ्यानं बोटं लाकडागत झालेली. नवरा हरिदास माणदेशातनं येऊन दिल्लीत सरकारी बागेत माळी लागला, अन् नोकरी संपल्यावर हे रान खंडानं करू लागला. त्याचे जुने खाकी सदरे, सासूची इरकल, मथुराची दोन लुगडी, रेवतीचा शाळेचा निळा फ्रॉक असं सगळं त्या वाकळेत थरावर थर बसलं होतं. एकुलत्या लेकीला लग्नात द्यायला दुसरं काय होतं मथुराकडं?

तिनं दोरा ओढला. हातात नुसता नेढ्याकडचा तुकडा आला. टोक नव्हतं.

तिनं वाकळ चाचपली, बाज हलवली, खाली वाकून ओली माती उकरली. काही नाही.

"झालं का गं?" हरिदास ओरडला. "धीरजराव खोळंबल्यात! ट्रंका चढल्या गाडीत."

"आवं, वाईच थांबा की..."

तेवढ्यात धीरजच आला. "आई, द्या ना, मी घेतो. अरे वा, क्या बात है! किती सुंदर झालीय!" म्हणत त्यानं वाकळ उचलून छातीशी धरली. मथुराच्या तोंडापर्यंत शब्द आला अन् तिथंच अडकला. साखरपुड्याला धीरजच्या म्हाताऱ्या आत्यानं ओटीतलं एक डागाळलेलं लिंबू बघून 'अपशकुन' म्हणत कसं तोंड वाकडं केलं होतं, ते तिला आठवलं. लेकीच्या वाकळंत सुई म्हणल्यावर ती बाई काय म्हणंल? पडली असंल मातीत, असं मथुरानं मनाला सांगितलं अन् गाडी धुक्यात दिसेनाशी झाली.

लग्न झालं. मांडवात मथुरा हसत होती, वाढत होती, पण जीव कुठं ठिकाणावर होता तिचा! हरिदासला तिनं सगळं झाल्यावर सांगितलं.

"आन् आत्ता सांगतीस व्हय?" त्याचा चेहराच उतरला. "गप ऱ्हा. कुणाम्होरं बोलू नगंस. करणी केली म्हणत्याल, आन् पोरगी जल्माची नांदायची ऱ्हाईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी हरिदासच्या मोबाइलवर रेवतीनं फोटो धाडला. सरोजिनी नगरचं सासरचं सरकारी क्वार्टर, पूजेची गडबड, अन् मधोमध जमिनीवर वाकळ. वाकळेवर धीरजच्या बहिणीचं, निधीचं, नुकतं पालथं पडायला लागलेलं पोर.

मथुरा ताडकन उठली. "आवं, फोन लावा! उचला म्हणावं त्येला!"

हरिदासनं लावला. नुसती रिंग वाजली. धीरजला लावला, तोही उचलेना. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

"पूजेत असत्याल..." तो पुटपुटला.

"म्या जाती."

"मथुरे, आगं लेकीचा इचार कर."

"लेकीचाच करती. त्या पोराला टोचलं तर कुटल्या तोंडानं नांदंल ती?"

पायाला चिखल तसाच होता. ई-रिक्षा, मग मेट्रो, मधेच गाडी बदलणं. तिला एकटीला ते कधी जमलं नव्हतं. डब्यात समोर एक बाई मांडीवरच्या लेकराला थोपटत होती. मथुरानं डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांपुढं ते टोक दिसू लागलं. बारीक, चकचकीत, निळ्या फ्रॉकातनं वर आलेलं. जवळच्या साध्या फोनवरनं ती नवऱ्याला सारखा तिकडं फोन लावायला सांगत होती, अन् पलीकडनं तो म्हणत होता, "न्हाय उचलत गं."

क्वार्टरचा जिना चढताना वरनं पोराचं रडणं ऐकू आलं. नुसतं रडणं नव्हे, किंचाळणं. चपला तिथंच टाकून मथुरा धावली, भरल्या खोलीत शिरली अन् पोराला उचलून निधीच्या हातात कोंबलं.

"आई?" रेवती उठून उभी राहिली. "क्या हुआ? काय झालं?"

"सुई हाय वाकळंत," मथुरा म्हणाली. "मोडलेली. मला ठावं हुतं. भ्याली म्या, न्हाय बोलले."

निधीनं पोराचे कपडे काढले, पाठ, पोट, मांड्या उजेडात धरून बघितल्या. ओरखडासुद्धा नव्हता, पोर भुकेनं रडत होतं.

"सुई? नव्या सुनेच्या सामानात?" कोपऱ्यातनं आत्या म्हणाली. "मी म्हटलं नव्हतं?"

रेवतीची सासू देविका ऑफिसात मोठ्या हुद्द्यावरची, मोजकं बोलणारी. ती आत्याकडं वळलीसुद्धा नाही. तिनं मथुराला विचारलं, "नक्की आहे आत?"

"न्हाय सांगता यायचं. पर हुडकल्याबिगर म्या हितनं हलायची न्हाय."

मथुरा वाकळेवर गुडघे टेकून बसली. धीरजनं फ्रिजवरचं चुंबक आणून फिरवलं. ते नुसतं घसरलं. मग तिनं उघडा तळहात वाकळेवर ठेवला, अंगाचा सगळा भार टाकला अन् टाक्याटाक्यावरनं दाबत निघाली.

"आई, लागेल तुला!"

"लागू दे. लागाय पायजे."

खाकीवरनं इरकलीवर, इरकलीवरनं लुगड्यावर. पोर आईच्या कुशीत चुटूचुटू पीत होतं, तेवढाच आवाज. किनारीच्या आत, जिथं पोर लोळत होतं तिथंच, मथुराचा हात थबकला.

"घावली!" ती एवढ्या आनंदानं ओरडली, की जणू घरात पाळणा हलला. तळहातातनं रक्ताचा थेंब फुगून वाकळेवर पडला.

देविकानं स्वतः कात्री आणून शिवण उसवली. टोक चिमटीत धरून बघितलं अन् कागदात गुंडाळलं. मग मथुराला न्हाणीत नेऊन तिनं तो तळवा नळाखाली धरला.

"परवाच सांगायला हवं होतं तुम्ही," ती म्हणाली. आवाजात राग होता, तो तिनं लपवला नाही. "माझा नातू होता त्याच्यावर."

"व्हय."

"पुढच्या वेळी भीती वाटली तरी सांगा. कोणी काहीही म्हणू दे. जरूर सांगा."

मथुरा नुसती रडत राहिली, अन् देविका पाणी बंद न करता तशीच उभी राहिली.

बाहेर रेवतीनं वाकळ झटकून, उलटी करून, पुन्हा हात फिरवून अंथरली होती. पोट भरलेलं पोर निधीनं परत तिच्यावर ठेवलं. आत्या उठून आतल्या खोलीत गेली.

मथुरा पोराशेजारी बसली. सुई सापडली होती, डोळ्यांनी बघितली होती. तरी पोरानं कूस बदलली की तिच्या काळजात लक्कन व्हायचं. चहा समोर गार होत होता. तिनं चांगला हात हळूच त्याच्या पाठीखाली सरकवला, अन् ते झोपलं तरी काढला नाही.