तिसरा मासा

केरा मावशीला तीनच मासे हवे होते. आणि टाकी केवढी? पावाच्या डब्याएवढी! नातीने व्हिएन्नाहून आणली, अंथरुणाला खिळलेल्या स्तामात आजोबांच्या उशाशी मांडली आणि गेली निघून.

"तो पिवळा दे," मावशी म्हणाली. "स्तामातनं बोटीवर असताना तांबड्या समुद्रात बघितलाय."

"तो ताटाएवढा होतो, मावशी. तुझ्या टाकीत वळताही येणार नाही त्याला."

"मग तो नारिंगी?"

"तो महाभांडखोर. आणि एवढ्याशा खाऱ्या पाण्यात जरा घाण झाली की सगळंच नासतं. हे बघ, हे घे."

निळ्या पट्ट्याचे, बोटाएवढे, नर-मादी. एका शिंपल्यात संसार थाटून बसलेले. इतक्या लहान टाकीत नांदतील असे माझ्या दुकानात तेवढेच होते.

मावशीचा चेहरा उतरला. "दोन? वेलिन, जिभेला काही हाड? दोन फुलं मयताला नेतात. माझा माणूस अजून श्वास घेतोय."

"अगं, मासे आहेत हे, फुलं नाहीत!"

"त्याच्या उशाशीच ठेवायचेत ना?"

मीही याच वार्ना शहरातला. आमच्याकडे सम आकडा मेलेल्यांचा, विषम जित्यांचा. आजाऱ्याला भेटायला जाताना मीही फुलं तीन नाहीतर पाचच नेतो. म्हटलं, "मग एकच ने."

"दिवसभर तो एकटाच पडलेला असतो. समोर आणखी एक एकटा कशाला?"

"तिसरा टाकलास तर ही जोडी त्याचा जीव घेईल. मी देणार नाही, जा!" माझं डोकं तापलं होतं. मावशीने मुकाट्याने जोडी घेतली. मला वाटलं, पटलं बाईला. कसलं पटतंय! जाता जाता बाजारातल्या दुसऱ्या दुकानातून तसलाच तिसरा घेऊन गेली.

पुढच्या आठवड्यात ती बरणी घेऊन आली. आत एकच मासा.

"तिसऱ्याला कोपऱ्यात गाठून मारलं रे त्यांनी. शेपटी कुरतडून कुरतडून. स्तामात बघत होता सगळं."

"काही म्हणाले?"

"बोलवतंय कुठे त्याला? मला दोन बोटं दाखवली. मग भिंतीकडे तोंड केलं." तिने बरणी माझ्यापुढे सरकवली. "हा ठेव तुझ्याकडे. घरात एकच राहू दे. एक चालतो."

सांगितलं होतं ना, हे अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. मासा वेगळ्या टाकीत सोडला. त्याने खाणंच टाकलं. गिऱ्हाइकं विचारायची, मी नाही म्हणायचो. तिचा माणूस उठून बसला तर ती मासा न्यायला येईल, असं मला उगाच वाटत होतं.

मग एका सकाळी दुकानासमोरच्या खांबावर कागद चिकटलेला दिसला. काळी चौकट, आत स्तामातचा तरुणपणचा फोटो, खलाशाच्या टोपीतला. मी शटर अर्धंच उघडलं आणि तसाच उभा राहिलो. फार वाईट वाटलं.

दफन झाल्यावर मावशी आली. काळा रुमाल, हातात तीच बरणी.

"आहे का रे अजून?"

"आहे."

"दे. आता दोन चालतात."

जाळीने मासा काढून बरणीत सोडला. पाणी गार पडू नये म्हणून तिने बरणी कोटाच्या आत, छातीशी धरली आणि गेली.