टेबलावर टेकलेला तळहात

मी एक जुने गोल टेबल आहे, मित्रांनो, आणि गोल असल्याचा मला फार अभिमान होता. मला ना पुढची बाजू, ना मागची. सुताराने मला वर्गातच जोडले, कारण मी अख्खे दारातून आत जाईना.

कॉलेजात नव्याने आलेल्या मुलांचा सेमिनार माझ्याभोवती भरे. कुणी रसायनशास्त्र घेणारा, कुणी चित्रकला शिकणारी, पण सगळी एकच पुस्तक वाचून येत. मॅडम भाषण देत नसत, नुसता एक प्रश्न टाकून गप्प बसत. शाळेत उत्तरे पाठ केलेली ती मुले सुरुवातीला छताकडे बघत राहत. मॅडमचा नियम साधा होता. "मी कुणाचं नाव घेऊन विचारणार नाही. बोलावंसं वाटलं की टेबलावर तळहात ठेवा." हळूहळू मुलांना कंठ फुटे. मग काय, धडाधड हात पडत आणि माझी पाठ शेकून निघे. पाहुणे प्राध्यापक म्हणत, "वर्ग असावा तर असा!" मी फुलून जाई.

एका वर्षी खिडकीपाशी एक मुलगी बसू लागली. मुलांनी तिचे नाव मौनीबाई ठेवले. ती इथे रमली नाही, तर सत्र संपताच वडील तिला घरी परत नेणार होते. तिने शेजारणीला सांगितलेले मी ऐकले होते. मित्रांनो, ती रोज हात ठेवायची. घामाने ओलसर झालेला, भीतभीत टेकवलेला हात. तेवढ्यात दुसरा कुणी दणकन हात आपटे, मॅडम तिकडे वळत आणि हिचा हात मांडीवर परत जाई. मला जीभ असती तर मी ओरडले असते!

सत्र संपले तसे वडील आले. "हिला इथे कुणी काही विचारतच नाही म्हणते," ते म्हणाले.

"अहो, मी मुद्दामच विचारलं नाही," मॅडम म्हणाल्या. "तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून."

मुलगी खाली बघत म्हणाली, "मॅडम, मी रोज हात ठेवायचे."

मॅडमचा चेहरा उतरला. "थांब ना गं. चुकलंच माझं."

"राहू दे मॅडम. आता नकोच वाटतं मला इथे."

वडिलांनी बॅग उचलली आणि दोघे गेले.

पुढच्या सत्रात मॅडमनी आपलाच नियम मोडला. त्या एकेकाला विचारू लागल्या, "तुझं काय मत?" एकदा तास सुटल्यावर त्यांनी मोबाईल माझ्यावर ठेवला आणि स्पीकर चालू करून त्या मुलीच्या घरी फोन लावला. "तिला देता का जरा?"

वडील थोडे घुटमळले. "दिला असता हो. पण ती आता घरातही फारशी बोलत नाही."

फोन ठेवून मॅडम रडल्या. मलाही वाईट वाटले, फार वाईट.

पुढे मॅडम निवृत्त झाल्या. वर्ग मोठे झाले, रांगेने बाके आली आणि माझे पाय काढून मला जिन्याखाली उभे केले गेले. धुळीचे मला काही वाटत नाही, मित्रांनो. मला पुसायला येऊ नका. तुमच्या वर्गात कुणी गप्प बसत असेल, तर त्याच्याकडे वळून विचारा आणि तो बोलेपर्यंत थांबा. मी पडले लाकूड, मला सांगता आले नाही. तुम्हाला तर तोंड आहे.